आक्काताईचं तेल

आष्ट्यात एखाद्या बाईचे केस गळायला लागले की ती आधी देवाला सांगायची आणि मग धीर गोळा करून आक्काताईला. देवाला सांगणं सोपं होतं, कारण देव निमूट ऐकून घेतो. आक्काताईला निमूट बसणं जन्मात जमलं नव्हतं.

"केस गळत न्हाईत गं, बायका गाळतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. समोरची बाई मान खाली घालून बसायची आणि आक्काताई तिचा शेपटा हातात घेऊन, बाजारात भेंडी मोडून बघावी तसा चाचपत, एकेक गुन्हा बाहेर काढायची. रात्री जागतीस. ओल्या केसांवर पदर घेतीस. टीव्हीतल्या बायका बघून डोक्यावर फेस ओततीस. तेल लावायचा कंटाळा. एवढं झोडून झालं की आत जाऊन बाटली आणायची आणि बाईच्या हातात ठेवायची. मोबदला म्हणून तिला एवढंच हवं असायचं, की महिन्याभरानं त्या बाईनं परत यावं आणि "फरक पडला" म्हणावं. बायका येऊन तसं म्हणायच्याही.

तेल मात्र खरोखर निगुतीचं. ओढ्याकाठचा माका, परसातली जास्वंद, ब्राह्मी, आवळा, कढीपत्ता, वडाच्या कोवळ्या पारंब्या, सगळं पाट्यावर वाटून लोखंडी कढईत खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवायचं. तेल उतरलं की नाही हे बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली तर आत पाणी आहे, मुकाट जळली तर तेल झालं. आणि हे सगळं दिवसाउजेडी. सूर्य कलला की कढईवर झाकण पडलंच पाहिजे, कारण दिव्यावर येणारे जीव तेलात पडून मेले तर ते पाप कुणाच्या डोक्याला चोळायचं, असा तिचा सवाल होता. जैनाघरची रीत ती चुलीवर पाळायची तशीच कढईतही पाळायची. जो तो सांगतो त्या कांद्याच्या रसाला तिच्या तेलात जागा नव्हती, आणि कांद्यालाच तिच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती.

तेलाची सगळ्यात मोठी जाहिरात तिच्या पाठीवर होती. साठी जवळ आली तरी शेपटा कमरेखाली, आणि काळाभोर. नवरा आदगोंडा ऊस आणि गप्पा या दोन्हींत मुरलेला माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरात दोनच गोष्टी लांब हायत. हिची वेणी आनि हिची जीभ." आक्काताईला त्यातलं पहिलंच ऐकू यायचं.

थोरली लेक समीक्षा फलटणला दिलेली. ती तिथल्या शाळेत शिकवायची आणि जावई सन्मती साखर कारखान्यात केमिस्ट. पोरीचे केस अगदी आईवर गेलेले. लहानपणी तिला पुढ्यात बसवून आक्काताई तेल घालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना दाखवायची, बघा, ह्याला म्हणतात केस. तीच समीक्षा यंदा दिवाळीला माहेरी आली नाही. संक्रांतीला आली नाही. व्हिडिओ कॉल लावला की उचलायची नाही, आणि मग साधा फोन करून सांगायची, रेंज नव्हती. धाकट्या भरतेशचं लग्न सांगलीच्या चंदनाशी ठरलं, वैशाखातली तारीख निघाली, तेव्हा आक्काताईनं हर्षानं फोन केला. पलीकडून आवाज आला, "आई, मला यायला जमायचं न्हाई बहुतेक. पेपर तपासायचे असतात तवा."

"सख्ख्या भावाच्या लग्नाला न्हाई जमायचं?"

"बघते," म्हणून फोन बंद झाला.

जावयाशी बिनसलं असावं, असं आदगोंडानं अनुमान काढलं. दुसऱ्या दिवशी आक्काताईनं पिशवीत तेलाच्या बाटल्या भरल्या आणि कुणाला न कळवता, कराडला आणि साताऱ्याला गाड्या बदलत, फाल्गुनातलं ऊन खात फलटण गाठलं.

दार उघडलं आणि आधी वास आला. कांद्याचा.

"ह्या घरात कांदा?" आक्काताई उंबऱ्याबाहेरच थांबली. आठ महिन्यांनी लेक दिसत होती आणि आपल्या तोंडून पहिला शब्द कांदा निघाला, याचं तिला पुढं फार वाईट वाटलं. पण सवयीला काय करणार.

समीक्षानं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. "खायला न्हाई आणला, आई. डोक्याला लावलाय."

"डोक्याला? माझं तेल असताना?" म्हणत आक्काताईनं थेट टॉवेललाच हात घातला. समीक्षानं तो धरला नाही. किती दिवस लपवायचं, याचाही माणसाला शीण येतो. टॉवेल सुटून खांद्यावर पडला.

डोक्यावर केस नव्हते. कानामागं थोडे होते, मानेवर एक पट्टा होता, बाकी नुसती गुळगुळीत कातडी आणि तिच्यावर चकाकणारा कांद्याचा रस. भुवयाही निम्म्या गेल्या होत्या. आक्काताई होती तिथं, चपला न काढता, मटकन बसली.

"चाई हाय," समीक्षा म्हणाली. "पावसाळ्यात एक ठिपका दिसला होता, नाण्याएवढा. मग दुसरा. मग सगळे ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले. साताऱ्याच्या डॉक्टरांकडं जाते. ते म्हणतात, अंगातली राखण करणारी फौजच आपल्या केसांना परकं समजून हाकलती. परत येतील, न्हाईतर न्हाई येणार. औषधं चालू हायत." वर्गात भूगोल शिकवावा इतक्या सपाट आवाजात तिनं हे सांगितलं.

"आनि कांदा?"

"फोनवर एक बाई सांगत होती. म्हटलं, तेवढं तरी करून बघायचं कशाला ठेवा." मग ती जरा हसली. "हेच मला कांदा मिक्सरला लावून देतात. गल्लीत सगळी आपलीच घरं. शेजारच्या काकू रोज गॅलरीत येऊन वास घेतात आनि बंबात काय जळलं म्हणून विचारतात."

"आनि मला का न्हाई सांगितलंस?"

समीक्षा टॉवेल उचलून आत गेली.

आक्काताई रडली नाही. रडायचं काम तिनं पुढं ढकललं आणि पदर खोचला. वैशाखाला अवकाश होता. तोवर लेकीच्या डोक्यावर केस आणून दाखवायचे आणि तिला ताठ मानेनं भावाच्या लग्नात उभी करायची, असा पण तिनं त्याच दिवशी केला. घरी फोन करून आदगोंडाला सांगितलं, शेवया-सांडग्याचं बघून घ्या, मी इथंच राहते. कांद्याची टोपली सन्मतीच्या हातून गल्लीच्या टोकाला गेली. तो गरीब माणूस सासूपुढं "बरं आई" यापलीकडं कधी बोलला नव्हता, आताही बोलला नाही.

रोज सकाळी समीक्षा शाळेत जायच्या आधी पाटावर बसायची आणि आक्काताई कोमट तेल घेऊन मागं. जन्मभर केसांतून फिरलेली तिची बोटं त्या उघड्या कातडीवर आली की बावचळायची. धरायला काही नसायचं. जिथं केस उरले होते तिथं चोळलं की ते तळव्याला चिकटून यायचे. ते लेकीला दिसू नयेत म्हणून आक्काताई हात हळूच आपल्या पदराला पुसायची आणि बोलत राहायची. तिचं बोलणं म्हणजे विचारणंच असायचं.

"रात्री जागत होतीस?"

"न्हाई."

"ओले केस बांधून शाळेत जात होतीस का?"

"न्हाई, आई."

"कसला घोर लावून घेतला व्हतास? सासरचं काय?"

"न्हाई गं."

"मग मी पाठवलेलं तेल? ते लावलंच नसशील."

"रोज लावत होते," समीक्षा म्हणाली. "पहिला ठिपका दिसला त्या दिवशीसुद्धा लावलं होतं."

आक्काताईनं आणखी तेल घेतलं.

महिना होत आला. कानामागचे गेले, मानेवरचा पट्टा गेला. नवं काही आलं नाही. आक्काताई रोज पोरीचं डोकं उन्हाला धरून बघायची, एखादी लव दिसते का. एकदा तर चष्मा घालून आणि वर सन्मतीचं भिंग घेऊन बघितलं. समीक्षानं तेही करू दिलं.

त्याच सुमारास फलटणात आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, संघ आला होता. एका तरुण माताजींचा केशलोच होता. आपल्या लोकांत हे साऱ्यांना ठाऊक असतं, की दीक्षा घेतलेली माणसं केसाला वस्तरा लावत नाहीत. बोटांना राख लावून आपल्या हातानं डोक्यावरचा एकेक झुबका उपटतात, उपास करून, आणि तोंडातून हूं की चूं काढत नाहीत. ते बघायला माणसं गर्दी करतात. आक्काताईच्या मनानं घेतलं, की पोरीला न्यावं. तिथं बसलं की तिच्या जिवाला शांती वाटेल.

समीक्षा डोक्यावरून ओढणी घट्ट घेऊन आली. मंदिराच्या मंडपात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, भजन चालू होतं, आणि पाटावर बसलेल्या माताजी शांतपणे केस उपटत होत्या. वय फार तर तिशीचं. केसांच्या मुळाशी रक्ताचे बारीक थेंब दिसत होते. बायका डोळे पुसत होत्या, हात जोडत होत्या, काय हे वैराग्य म्हणत होत्या. आक्काताईनं लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "बघ समे. एवढ्या मोठ्या जिवानं आपल्या हातानं काढून टाकले. केसात काय हाय गं? तूबी मनाशी असंच धर. तुझा केशलोच झाला म्हण."

समीक्षा उठली. भजन चालू असताना, बायकांच्या मांडीगुडघ्यांतून वाट काढत, सरळ बाहेर पडली. आक्काताई मागनं धावली. घरात आल्यावर समीक्षानं दार लावून घेतलं, ओढणी काढून खुर्चीवर टाकली आणि वळली.

"त्यांनी सोडले, आई. माझे गेले. सोडणं आनि जाणं एकच व्हय?"

"मी आपलं तुझ्या भल्यासाठी..."

"त्यांना संसार नको होता. मला हवाय. मला भरतेशच्या लग्नात हिरवा शालू नेसायचाय. मला नाचायचंय, ह्यांच्याबरोबर फोटो काढायचेत. चौतिसाव्या वर्षी मला माताजी करू नको."

"मी तसं कुठं म्हणाले?"

"आल्यापासून तू माझ्या डोक्याशीच बोलतीस. मी कशी हाय, जेवते का, शाळेत पोरं काय म्हणतात, एकदा तरी विचारलंस?"

"काय म्हणतात पोरं?" आक्काताईनं घाईघाईनं विचारलं.

"आता नको विचारू." समीक्षाचा आवाज फुटला. "मला म्हणालीस, का न्हाई सांगितलं. कसं सांगू? तुझ्या पुढ्यात बसून मी लहानपणापासून ऐकलंय, केस गळत न्हाईत, बायका गाळतात. मग माझे गळायला लागले तवा मी काय केलं असंल? रोज रात्री पडल्या पडल्या आठवत बसले, माझं काय चुकलं. काय खाल्लं, काय न्हाई केलं, कुणाला दुखवलं. तू आलीस तवा वाटलं, आई तरी म्हणंल, तुझं काय चुकलं न्हाई. तू आलीस आनि तीच चौकशी सुरू केलीस."

"तुझं काय चुकलं न्हाई," आक्काताई म्हणाली. ते शब्द बाहेर काढायला तिला जड गेलं, कारण त्यांच्या मागोमाग बाकीचं सगळंच ढासळत होतं, आणि ते तिला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं.

"हे तू फलटणात म्हणतीस, दार लावून. आष्ट्यात म्हणशील? शेजारच्या सुलामावशीपुढं म्हणशील? मी मांडवात पाय ठेवला की बायका पहिलं हेच विचारणार, पोरीनं केसाचं काय करून घेतलं? तवा तू काय सांगणार हायस?"

आता खरं सांगायचं तर त्या घटकेला आक्काताईच्या मनात एक उत्तर आलं होतं. शाळेच्या व्यापात दुर्लक्ष झालं पोरीचं, असं सांगता येईल. त्यात कुणाचं वाईट नाही, आणि तेलाचं नाव राहतं. ते तिच्या चेहऱ्यावर लेकीला वाचता येत होतं.

"म्हणून मी येत न्हाई लग्नाला," समीक्षा म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

सकाळी सन्मती सासूला स्टँडवर पोचवायला आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन तो एवढंच म्हणाला, "आई, ती आता आरशावर टॉवेल टाकत न्हाई. आधी टाकायची." हे सांत्वन होतं की तक्रार, हे आक्काताईला साताऱ्यापर्यंत उलगडलं नाही. साताऱ्याच्या पुढं तिला रडू आलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि कुणी गेलं का, म्हणून विचारलं. आक्काताईनं मानेनंच नाही म्हटलं. डोळ्यांपुढून एकेक बाई जात होती, जिचा शेपटा हातात धरून तिनं गुन्हे मोजले होते. कुणाचं बाळंतपण झालं होतं, कुणाचा नवरा फौजेतून पेटीत परत आला होता, कुणाला नुसतंच काही कारण नव्हतं. सगळ्या मान खाली घालून बसल्या होत्या. तेल खरं मानावं तर लेक खोटी ठरत होती. आणि लेक खोटी नव्हती, हे तिच्या तळहातांनाच ठाऊक होतं.

घरी लग्नाच्या शेवया चालू होत्या. अंगणात पाट टाकून गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. शेजारची सुलाबाई मधोमध. तिचा आवाज असा, की तिला फोनची गरज केवळ ऐकण्यापुरती. राहीबाई पीठ मळत होती. आक्काताई हातपाय धुऊन त्यांच्यात येऊन बसली, आणि बसते न बसते तोच सुलाबाईनं विषय काढला. "महिनाभर लेकीकडं ऱ्हायलीस. बरी हाय न्हवं पोर? आनि लग्नात आम्हाला तुझ्या तेलाच्या बाटल्या पायजेत बघ, सांगलीच्या बायकांत उठून दिसलं पायजे."

"समीक्षाचे केस गेले," आक्काताई म्हणाली. "सगळे. चाई पडली."

शेवयांवरचे हात थांबले. "आगं बाई!" सुलाबाई म्हणाली. "काय केलं गं पोरीनं?"

म्हणजे लेकीनं सांगितलं होतं तसंच. शाळेचा व्याप आक्काताईच्या जिभेच्या टोकावर आला. तो तिनं गिळला. गिळताना तिला हेही कळत होतं, की हे एकदा बोललं की परत घेता यायचं नाही.

"तिनं काय केलं न्हाई. रोज माझं तेल लावत होती, तरी गेले. मी स्वतःच्या हातानं महिनाभर चोळलं, एक केस आला न्हाई. आनि ऐका, केस बायका गाळत न्हाईत. मी बोलत होते ते चूक होतं."

सुलाबाईनं पिठाचे हात झटकले, ते हात मागं आंबाड्यात घातले, दोन आकडे काढले आणि आंबाड्यातलं गंगावन ओढून पाटावर शेवयांच्या शेजारी ठेवलं. तिच्या मानेवर लिंबाएवढी गाठ तेवढी उरली.

"लय वर्सं झाली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज अंगणाबाहेर गेला नाही.

"सुले! तू तर फरक पडला म्हणत होतीस!"

"म्हणत होते. न्हाई म्हणाले असते तर तू परत सुरू झाली असतीस. रात्री जागतीस, ओल्या केसांवर पदर घेतीस. त्यापरीस बाजारातनं गंगावन आणणं सोपं."

"माझा भांग बघ, आक्का," राहीबाई मान वाकवून म्हणाली. "रुंद झालाय. रोज त्यात काजळ भरते मी. आमच्या ह्यांनापण ठावं न्हाई." आणि कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसायला लागल्या.

आक्काताई हसली नाही. "मग माझं तेल न्यायचा कशाला?"

"तेल चांगलंच हाय की," सुलाबाई म्हणाली. "डोकं थंड राहतंय, झोप लागती. पर केस आणत न्हाई ते. आनि आक्का, तुझे केस तुझ्या आईचे हायत. तिचा शेपटा आम्ही पाहिलाय. ती नुसतं खोबरेल लावायची."

आक्काताई उठून घरात गेली आणि दाराआड उभी राहिली. तिला राग आला, सगळ्यांचाच आला. आपण एवढी वर्षं ज्याच्यावर डोलत होतो ते निम्मं तेल होतं आणि निम्मं भ्या, हे काही गोड मानून घेण्यासारखं नव्हतं. आणि रागाच्या तळाशी लाज होती, ती काही केल्या जाईना. शेजारपाजारच्या बायका तिच्यापासून जे लपवायला शिकल्या होत्या, तेच तिची लेक तिच्या पुढ्यात बसून शिकली होती. त्या दुपारी ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि बायकांनीही तिला हाक मारली नाही.

दिवस मावळायच्या आत सुलाबाई डोकावली. गंगावन पिशवीत होतं, आणि आंबाडा तसाच लिंबाएवढा. "समीक्षाला फोन केला मी," ती म्हणाली. "तू काय बोललीस ते सगळं सांगितलं."

"कुणी सांगितला व्हता हा शहाणपणा?" आक्काताई ओरडली आणि मग हळू आवाजात विचारलं, "काय म्हणाली?"

"काय न्हाई. ऐकत होती. मग म्हणाली, मावशी, परत एकदा सांगा."

समीक्षा हळदीच्या दिवशी आली. डोक्याला रेशमी रुमाल बांधलेला. आक्काताईनं तिला पोटाशी धरलं, पण ती अंग चोरूनच उभी राहिली. दोघी जपून वागत होत्या. सांगलीच्या कार्यालयात लग्न लागलं, समीक्षा हिरवा शालू नेसून भावाच्या मागं उभी राहिली, बायकांनी बघितलं, काहींनी कुजबुज केली. पण "काय केलं" असं आष्ट्याच्या एकाही बाईनं तिला विचारलं नाही. तशी तंबी सुलाबाईनं आधीच देऊन ठेवली होती.

दुपारी वरात घरी आली. नवरानवरी उंबऱ्याशी येतात तेव्हा नवऱ्याच्या बहिणीनं दार अडवायचं आणि "तुमची लेक माझ्या घरात सून म्हणून देणार का" हे कबूल करून घेतल्याशिवाय त्यांना आत सोडायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. साऱ्या गल्लीची माणसं ती गंमत बघायला दारात जमली. आक्काताई ओवाळणीचं तबक घेऊन आतल्या बाजूला उभी होती. समीक्षा दारात आली, चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, एक हात सोडून तिनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि कमरेला खोचला.

गलका थांबला. वैशाखाचं ऊन तिच्या उघड्या डोक्यावर पडलं. आक्काताईचा हात आपसूक वर गेला, पदर ओढून लेकीचं डोकं झाकायला. निम्म्यावर तिनं तो मागं घेतला आणि तबकाला धरला.

"लेक देतो, ताई," भरतेश घाईनं म्हणाला. "कबूल. सोड आता."

"लेक नको मला. साडीपण नको." समीक्षा मोठ्यानं म्हणाली, पाठीमागं अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "एकच कबूल करायचं. ह्या घरात उद्या लेक जन्मली, तिचे केस लांब असू देत न्हाईतर आखूड, असू देत न्हाईतर नसू देत, कुणी तिला विचारायचं न्हाई, तू काय केलंस म्हणून."

"कबूल," चंदना नवऱ्याच्या आधी बोलली.

"कबूल," भरतेश म्हणाला.

"तुमचं ऐकलं." समीक्षा वळली. आता तिची पाठ वरातीकडं होती आणि तोंड आईकडं. डोळे भरले होते, पण हात चौकटीवर घट्ट होते. "आईचं ऐकायचंय."

"झाली पंचाईत," आदगोंडा मागून पुटपुटला. अशी अट आईला घालायची रीत कुठं नव्हती.

"कबूल," आक्काताई म्हणाली. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले.

"ऐकू आलं न्हाई."

"कबूल गं बाई, कबूल!" आक्काताई अशी ओरडली की तबकातला दिवा थरथरला, आणि मग सगळ्या गल्लीदेखत ती रडायला लागली. "तू काय केलं न्हवतंस, समे. कायसुद्धा केलं न्हवतंस."

समीक्षानं चौकट सोडली. आईच्या हातातलं तबक आपल्या हातात घेतलं, कारण ते आता पडणार होतं, आणि नवरानवरीला म्हणाली, "या आत."